मोरपिशी भोपळा

हॅलोवीनच्या संध्याकाळी आमच्या गावातल्या घराघरांत एकच भांडण होतं, आणि ते कोटावरून होतं. पोरं महिनाभर आपल्या सोंगाची स्वप्नं बघतात आणि नेमकी त्या दिवशी ओहायोची थंडी अशी पडते की आया म्हणतात, वरून कोट घाल. कोट चढवला की राक्षस काय आणि परी काय, सगळी शाळेला निघाल्यासारखी दिसतात. आमच्याकडेही तेच चाललं होतं. जोसी, माझी सात वर्षांची मुलगी, स्वयंपाकघराच्या मधोमध पंख पसरून उभी होती आणि रडायच्या बेतात होती.

“घुबडं कोट घालत नाहीत,” ती म्हणाली.

“घुबडांना सर्दी होत नाही,” मी म्हणाले.

“ग्वेन, राहू दे की जरा,” माझी सासू टेबलाशी बसून म्हणाली. “डोळे फुटेस्तोवर एकेक पीस कापून शिवलंय मी. ते काय कोटाखाली झाकून ठेवायला?”

आर्लीन, म्हणजे माझी सासू, आमच्याच रस्त्याच्या टोकाला एकटी राहते. माझा नवरा रॉस लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो, म्हणून तो घरी कमी आणि त्याची आई जास्त असते. येताना ती फोन करत नाही आणि जाताना मत सांगितल्याशिवाय जात नाही. पण घुबड तिनं अप्रतिम केलं होतं हे कबूल करायला हवं. जाड फेल्ट कापडाची पिसं, एकावर एक, मानेपासून गुडघ्यापर्यंत.

“बरं,” मी म्हणाले, “कोट माझ्या हातावर. कुडकुडलीस की मुकाट्यानं घालायचा.”

“घुबडं मुकाटच असतात,” जोसी म्हणाली आणि दारोदारचा खाऊ गोळा करायची बादली घ्यायला पळाली.

त्या कोटाच्या खिशात लाल चेन असलेली एक पिशवी असते आणि पिशवीत इंजेक्शनची दोन पेनं. जोसीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे पोट बिघडतं वगैरे नव्हे, श्वास बंद होतो. दोन वर्षांची असताना तिनं चुलतभावाच्या हातातलं सँडविच चाटलं होतं आणि त्यानंतरचा अर्धा तास मी अजून कुणाला धडपणे सांगू शकलेले नाही. तेव्हापासून आमच्या घरात पाकिटावरचे बारीक अक्षरातले मजकूर लोक बायबल वाचत नाहीत इतक्या श्रद्धेनं वाचले जातात.

“आमच्या वेळी शेंगदाण्यानं कुणी मरत नव्हतं,” आर्लीन पिशवीकडे बघून म्हणाली. हे ती दर वेळी म्हणते.

“मरत होते, आर्लीन. तुम्ही लोक त्याला दुसरं काहीतरी नाव द्यायचात.”

“असेलही,” ती म्हणाली आणि दोऱ्याचं रीळ गुंडाळायला लागली.

हॅलोवीनचा आमचा नियम कडक होता. रस्त्यात तोंडात काही जायचं नाही. घरी आल्यावर सगळी बादली टेबलावर ओतायची, मी एकेक वेष्टण वाचणार, संशयित माल बाबांच्या ट्रकमध्ये जाणार. बाकीची पोरं चालता चालता चॉकलेटं सोलत असतात आणि आमचं घुबड, किंवा आदल्या वर्षीचा समुद्री चाचा, भरलेली बादली पोटाशी धरून नुसतं बघत असतं. आई म्हणून ते बघणं सोपं नाही. मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, गोडाची मला तशीही फार माया नाही, पण त्या संध्याकाळी मला सगळ्यांच्या पोरांचा राग येतो.

म्हणूनच मोरपिशी भोपळ्याची रीत आली तेव्हा मी जवळजवळ रडले होते. काही घरं पायरीवर एक भोपळा त्या रंगात रंगवून ठेवतात. अर्थ असा की इथे खाऊऐवजी दुसरं काही मिळेल, स्टिकर, अंधारात चमकणारी बांगडी, उसळता चेंडू, आणि खाऊ असलाच तर या पोरांना चालेल असाच. जोसीला मी शिकवलं होतं, “मोरपिशी दिसला की बिनधास्त जा. तिथे जे मिळेल ते तुझं. आईला विचारायचं नाही.” जगात तिला मला विचारावं लागणार नाही अशी ही एकच जागा मी तिला देऊ शकले होते. कधीतरी तिनं एखाद्या दारात न घाबरता उभं राहावं, एवढंच मला हवं होतं.

आमच्या रस्त्यावर असा भोपळा फक्त हॉस्टेटलरांकडे असायचा. त्या वर्षी मात्र शाळेतून येताना जोसीनं गाडीच्या काचेला नाक लावलं आणि ओरडली, “आई! कोरिनकडे मोरपिशी!”

कोरिन स्ट्रूप उन्हाळ्यात राहायला आली होती. एकटी, हौशी, बोलकी. राखाडी घर, आणि दार तिनं आल्या आल्या रंगवून घेतलेलं. तिची पायरी मासिकातल्या चित्रासारखी सजली होती. गवताचे भारे, मक्याची वाळलेली ताटं, मधोमध तो भोपळा. मला ती बाई त्या क्षणी एकदम आवडायला लागली. नवीन येऊनही हिला एवढं कळतं, असं वाटलं. विचारायला हवं होतं का? चौकातल्या लाल दिव्याला कुणी विचारतं का, की बाबा रे, तू खरंच लाल आहेस ना?

वेळ झाल्याचा अग्निशमन केंद्राचा भोंगा झाला आणि पोरं रस्त्यावर सुटली. आमच्याकडे रीत अशी की मोठ्यांनी फुटपाथवर थांबायचं. दारापर्यंत पोरानं एकट्यानं जायचं, घंटा वाजवायची, ठरलेली आरोळी द्यायची, थँक यू म्हणायचं. आई मागोमाग पायरीपर्यंत आली तर पोराची चेष्टा होते. म्हणून फुटपाथभर आम्ही बायका हातांवर कोट टाकून उभ्या होतो, काहींच्या हातात झाकणाच्या कपात कॉफी आणि काहींच्या कपात कॉफी म्हणून दुसरंच काही.

हॉस्टेटलरांकडे चमकणारी बांगडी मिळाली. जोसीनं ती पंखावर चढवली. आर्लीन आपल्या घरासमोर खुर्ची टाकून, मांडीवर गोधडी घेऊन चॉकलेटं वाटत बसली होती. तिच्या पायाशी साधा नारिंगी भोपळा, न कोरलेला. कोरलेला भोपळा कुजतो आणि तिला वाया गेलेलं अन्न बघवत नाही.

“आजी, तुझ्याकडचं मला चालतं का?” जोसीनं विचारलं.

“नाही. पुढे चल,” आर्लीन म्हणाली. “पंख वर धर, जमिनीवर घासतायत.”

मग कोरिनचं घर. जोसी पायऱ्या चढली. दार उघडलं आणि चेटकिणीच्या टोपीतली कोरिन केवढ्यानं तरी ओरडली, “अगं बाई, घुबड!” तिच्या हातात मोठं ताट होतं. ताटातून तिनं काहीतरी उचलून जोसीच्या हातावर ठेवलं. बादलीत नाही, हातावर. मी फुटपाथवरून हात हलवला, तिनंही हलवला. जोसी माझ्याकडे वळली तेव्हा तिचा गाल फुगलेला होता.

“काय खातेस?” मी विचारलं.

“डोळा,” ती आनंदानं म्हणाली. “मोरपिशी आहे ना, आई.”

आमच्या राज्यात बकाय नावाचा एक प्रकार घरोघरी करतात. पीनट बटरचे लाडू, चॉकलेटात बुडवलेले. बारशाला असतात, लग्नात असतात, मयताच्या घरीही डबा भरून पाठवतात. जोसी अक्षरं ओळखायच्या आधी ते ओळखायला शिकली होती. तपकिरी गोळा, वर फिकट टिकली, दिसला की दूर हो. पण कोरिननं हॅलोवीन म्हणून ते पांढऱ्या चॉकलेटात बुडवले होते आणि वर निळं बुबुळ काढलं होतं, लाल शिरांसकट. सुरेख डोळे केले होते मेलीनं.

“थुंक,” मी म्हणाले. “जोसी, थुंक. आत्ता.”

ती थुंकली, पण अर्धा गिळून झाला होता. तिच्या ओठाची कड आधीच जाड व्हायला लागली होती. “आई, जीभ चावतेय,” ती म्हणाली. मग खोकली. मग तो आवाज आला, आत ओढलेल्या श्वासाचा, जो मी पाच वर्षं झोपेत ऐकत होते.

मी तिला तिथेच गवतावर आडवं केलं. कोट, खिसा, पिशवी. चेन अडकली नाही, माझा हातच अडकला. आणि आजूबाजूला लोक हसत होते. हे मी कधी विसरणार नाही. हॅलोवीनला कुणाच्या तरी अंगणात कुणीतरी मरायचं नाटक करतच असतं. एक सांगाडा आणि दोन राजकन्या आमच्याभोवती उभ्या राहिल्या आणि सांगाडा म्हणाला, “मस्त करतेय.”

“नाटक नाहीये!” मी किंचाळले. “अँब्युलन्स बोलवा!”

तरी कुणी हललं नाही. मी पेन काढलं. पेन कपड्यातून टोचता येतं हे मला ठाऊक होतं, पण आर्लीनचं फेल्ट, एकावर एक, गोधडीसारखं जाड. मी दोन्ही हातांनी पिसं धरली आणि टरकन फाडली. मांडी उघडी झाली तसं पेन रोवलं आणि धरून ठेवलं. तेव्हा कुठे त्या लोकांचा चेहरा बदलला. डोक्यात प्लास्टिकची कुऱ्हाड रुतवलेले हॉस्टेटलर धावत आले, फोन लावला, जोसीचे पाय उचलून आपल्या गुडघ्यांवर घेतले. आर्लीन आली ती गोधडी ओढत. खाली बसली आणि फाटलेली पिसं गोळा करायला लागली, कशाला ते तिचं तिला ठाऊक.

पायरीवर कोरिन ताट धरून उभी होती.

दुसरं पेन अँब्युलन्समध्ये टोचावं लागलं. इस्पितळात पोचेपर्यंत जोसीचा श्वास मोकळा झाला होता, पण नंतर पुन्हा एकदा तिचा घसा आवळला, म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. ती वाचली, हे आधीच सांगून टाकते. मला असल्या गोष्टी ताणायला आवडत नाहीत. रॉसला फोन केला, तो कुठेतरी नेब्रास्कात होता. माल तिथेच सोडून तो उलटा निघाला.

सकाळी कोरिन आली. चेटकिणीचा काळा झगा तोच, टोपी नव्हती. खोलीबाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसली.

“ग्वेन, मला खरंच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “तो रंग... माझ्या दाराचा डबा उरला होता. भोपळा दाराला जुळेल म्हणून रंगवला.”

“दाराला जुळेल म्हणून.”

“मी कुठेतरी फोटो बघितला होता. सुंदर दिसत होता. त्याचा काही अर्थ असतो हे मला कुणी सांगितलंच नाही गं.”

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. खोटं कशाला बोलू? आणि त्याच वेळी दिसत होतं की ही बाई रात्रभर रडलीये, हिचं नाक सोललंय, हिनं पोरांसाठी एकेका लाडवाला बुबुळ काढलं होतं. वाईट माणसावर राग काढणं किती सोपं असतं. ही वाईट नव्हती.

“आता कळलं ना?” मी म्हणाले. “जा घरी.”

“मी भरून काढेन, ग्वेन. काहीतरी करेन मी.”

“काही करू नकोस,” मी म्हणाले. तिनं ते ऐकलं नाही, हे पुढे दिसलंच.

खोलीत नर्स जोसीसाठी जेलीची वाटी घेऊन आली होती. लाल, थरथरणारी. जोसीनं वाटी उलटी करून तळाशी काही लिहिलंय का ते बघितलं.

“यात काय आहे?” तिनं नर्सला विचारलं.

“जेली आहे, राणी. तुझ्यासाठी तपासून आणलीये.”

“कुणी तपासली?”

नर्सनं नाव सांगितलं. जोसीनं वाटी खाली ठेवली. मी घरून मागवलेलं सफरचंद कापलं, तिच्यासमोर, माझ्या हातानं. ते तिनं हातात धरून ठेवलं, तोंडात घातलं नाही.

“आई, सुरी धुतलीस?”

“धुतली.”

“नीट? मी बघितलं नाही.”

मी सुरी पुन्हा धुतली, ती बघत असताना. नवं सफरचंद कापलं. तिनं एक फोड खाल्ली, अगदी हळू, आणि प्रत्येक घासानंतर थांबून आपल्या जिभेचा अंदाज घेतला. मी खिडकीकडे तोंड केलं. पोरीचा श्वास मी परत आणला होता, पण तिची माझ्यावरची निर्धास्ती कुठल्या पेनानं परत आणायची ते मला कळत नव्हतं.

रविवारी दुपारी रॉसनं आम्हाला घरी आणलं. वळणावर गाडी आत घेतली आणि त्यानं एकदम वेग कमी केला. “हे काय आता,” तो म्हणाला.

आमच्याकडे भोपळे हॅलोवीन संपला तरी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पायऱ्यांवर असतात. त्या दुपारी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, झाडून सगळ्या पायऱ्यांवर, मोरपिशी भोपळे होते. कोरलेले, न कोरलेले, पडून मऊ झालेले, लहान पोरांनी फराटे मारलेले. काहींचा रंग अजून ओला होता. आणि लोक बाहेर उभे होते. हॉस्टेटलर, समोरची दोन घरं, चर्चमधल्या बायका. आमची गाडी दिसली तसं त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. कोरिन तिच्या अंगणात उभी होती, कोपरापर्यंत हात रंगलेले, पायाशी रंगाचे रिकामे डबे. ती दारोदार हिंडली होती. रडत, हसत, एकेकाला सांगत. तिच्याकडे बघून कुणी नाही म्हणू शकलं नसेल.

माणसं चांगली आहेत, असं वाटलं. रॉसनं तर टोपी काढून डोळे पुसले.

“आई,” मागून जोसी म्हणाली. “यातलं खरं कुठलं?”

मी मागे वळले. ती या काचेतून बघत होती, मग त्या काचेतून. ओठ घट्ट मिटलेले.

“म्हणजे?”

“हॉस्टेटलरांचं खरं होतं. आता सगळ्यांचंच तसं आहे. मग खरं कुठलं?”

रॉसनं गाडी थांबवली. मी उतरले. कोरिन पुढे आली, रंगलेले हात दोन्ही बाजूंना धरून, मला मिठी मारू की नको अशी.

“कोरिन,” मी म्हणाले, “या घरांमधून शेंगदाणे गेले का?”

तिला प्रश्न समजला नाही. “अगं, हे जोसीसाठी आहे. आम्ही सगळे तिच्या बाजूनं आहोत हे तिला दिसावं म्हणून.”

“दिसलं तिला. पण उद्या ती यातल्या कुणाच्या दारात गेली आणि कुणी हातावर काही ठेवलं, तर? कुणाकुणाला माहितीये या रंगाचा अर्थ?”

टाळ्या थांबल्या. समोरची बाई आपल्या भोपळ्याकडे बघायला लागली, मग आपल्या दाराकडे. तिच्या घरातून नुकत्याच भाजलेल्या बिस्किटांचा वास येत होता. कसली बिस्किटं ते कुणी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कोरिनचा चेहरा पुन्हा त्या रात्रीसारखा पांढरा पडला. मला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

जोसी गाडीतून उतरली होती. बांगडी अजून तिच्या मनगटावर होती, विझलेली. ती फुटपाथच्या मधोमध चालत रस्त्याच्या टोकाकडे निघाली. एकाही पायरीकडे बघत नव्हती. टोकाच्या घरासमोर आर्लीन खुर्चीत बसली होती, मांडीवर घुबड, आणि सुईत दोरा ओवत होती. तिच्या पायाशी तोच भोपळा होता. नारिंगी.

“तू का नाही रंगवलास?” जोसीनं लांबूनच विचारलं.

“ती आली होती डबा घेऊन. मी नको म्हटलं.”

“का?”

“माझ्या फडताळात पीनट बटरचा डबा आहे. मला सकाळी टोस्टवर लागतं ते,” आर्लीन म्हणाली. “मग तुझ्याशी खोटं कशाला बोलू?”

मी मागे येऊन थांबले होते. तोंडात शब्द आले होते, तेही कडक. आजी असून एक डबा टाकवत नाही तुम्हाला? पण जोसीचे खांदे दिसत होते मला. शुक्रवारपासून ते कानांपर्यंत चढलेले होते आणि आता पहिल्यांदाच खाली आले.

“आज खाल्लंस?” जोसीनं विचारलं.

“खाल्लं. सकाळी.”

“हात धुतलेस?”

“धुतले. पण तू बघितलं नाहीस.” आर्लीननं सुई पिसांत टोचून ठेवली आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठली. “बागेच्या नळावर पुन्हा धुते. उभी राहा इथे आणि बघ. घरात मात्र येऊ नकोस.”

तिनं बाहेरचा नळ सोडला, साबण आणून मनगटापर्यंत लावला, बोटांच्या बेचक्यांतून घासला. पाणी बर्फासारखं असणार, बोटं लाल झाली तिची. जोसी शेवटपर्यंत बघत राहिली. मग नारिंगी भोपळ्याशेजारच्या पायरीवर जाऊन बसली आणि आजीच्या ओल्या हाताखाली आपलं डोकं सरकवलं.